दुर्बिणीतून की चिरून

मशीनला शिव्या घालणारी माणसं भेटली की माझं डोकं फिरतं. मशीनला काय कळतंय? म्हशीला जसं चारावं तसं ती दूध देते. चारणारी मी होते. शिव्या घालायच्याच तर मला घाला, पण आधी सगळं ऐकून घ्या.

मी उज्ज्वला मगदूम, वय चौपन्न. लग्न केलं नाही, त्यामुळे नाव माहेरचंच राहिलं, आणि माहेर म्हणजे माझा धाकटा भाऊ सन्मती. मी सांगलीत दुर्मीळ गाठ नोंद केंद्रात काम करते. आमच्याकडे ज्या गाठीच्या नोंदी होत्या ती नाकाच्या छताला होते, वासाच्या नसा मेंदूतून खाली उतरतात तिथं. दहा लाखांत एखाद्याला व्हायची. एका सर्जनच्या उभ्या आयुष्यात अशी दहा-बारा माणसं. काढायच्या तऱ्हा दोन. एक, नाकपुडीतून दुर्बीण आत घालायची आणि बारीक हत्यारांनी गाठ आतल्या आत सोलून काढायची. चेहऱ्यावर ओरखडा नाही, माणूस पाचव्या दिवशी घरी. दुसरी, भुवईपासून ओठापर्यंत नाकाच्या कडेनं चिरायचं, कपाळाचं हाड उचलायचं आणि गाठीला वरून-खालून दोन्हीकडून धरायचं. त्याचा व्रण जन्मभराचा.

यातली बरी कुठली, यावर डॉक्टर लोक पन्नास वर्षं भांडत होते. नाणं उडवून अर्ध्यांना ही, अर्ध्यांना ती असा सरळ प्रयोग करायचा म्हटला, तर पुरेसे रुग्ण जमेपर्यंत प्रयोग करणारेच म्हातारे होऊन मरणार. जुन्या फायली काढाव्यात तर त्यात वेगळीच गोम. गाठ लहान दिसली की डॉक्टर दुर्बीण घेणार, आणि मोठी, मेंदूच्या पडद्याला भिडलेली असली की चिरणार. मग चिरलेले जास्त मेले यात नवल काय? त्यात चिरण्याचा दोष किती आणि गाठीचा किती, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

म्हणून २०३८ साली 'तुला' ही मशीन आली. तुला म्हणजे तराजू. पहिल्या आठवड्यातच "तुला तुला काय म्हणाली?" हा विनोद करून सगळ्यांनी हौस भागवून घेतली. तिचं काम मात्र विनोदाचं नव्हतं. प्रत्येक जुन्या रुग्णाच्या स्कॅनवरून ती त्याचा गणिती जुळा तयार करायची. तेच हाड, तीच गाठ, तेच वय. खऱ्या माणसाला चिरलं असेल तर त्याच्या जुळ्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि खऱ्याला दुर्बीण असेल तर जुळ्याला चिरायचं. खरी माणसं कशी जगली यावरून ती जुळे कसे जगले असते ते शिकायची. मग नवा रुग्ण आला की त्याच्यासाठी दोन आकडे देणार: पाच वर्षं जगण्याची शक्यता दुर्बिणीनं इतके टक्के, चिरून इतके टक्के. डॉक्टरला त्याविरुद्ध जायचं असेल तर लेखी कारण द्यावं लागे, आणि रुग्णाची सही.

राज्यभरातून आमच्याकडे जुन्या नोंदी जमल्या एकशे त्रेसष्ट. त्यातल्या एक्केचाळीस फायली महापुरात भिजलेल्या. स्कॅन होते, रुग्णाचं नाव-गाव होतं, पण ऑपरेशन कुठल्या तऱ्हेचं झालं ते पान लगदा झालेलं. एकशे त्रेसष्टात एक्केचाळीस टाकून द्यायचे म्हणजे तराजूचं एक पारडंच काढून ठेवण्यासारखं. केंद्राचे साहेब म्हणाले, "मगदूमबाई, घरी फोन करून विचारा."

विचारायचा प्रश्न वरून छापून आला होता. "आपली शस्त्रक्रिया अंतर्दर्शी स्वरूपाची होती की विवृत?" आता बोला! पहिल्या तीन घरांत मी तो वाचला. पहिल्यानं फोन ठेवला, दुसऱ्यानं "कर्जाचं नको" म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्या आजी म्हणाल्या, "बाई, मराठीत बोल की गं." मग मी माझं डोकं चालवलं. कुणालाही कळेल असं विचारायला लागले: "नाकाचं दुर्बिणीतून केलं होतं का?"

"व्हय व्हय, दुर्बीण घातलेली की."

बस. दुर्बीण, टिक. नऊ दिवसांत एक्केचाळीस रकाने भरले. केंद्राच्या वार्षिक सभेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि मीही नाक वर करून तो घेतला.

वर्षभरानं सन्मतीच्या नाकातून रक्त यायला लागलं.

सन्मती कुस्तीच्या मैदानाचा निवेदक. सांगली-कोल्हापूरकडे कुस्ती नुसती बघत नाहीत, ऐकतातही. कोण मल्ल, कुठल्या तालमीचा, आता कुठला डाव टाकणार, पट काढणार की ढाक लावणार, हे मैदानभर सांगणारा माणूस लागतो. चाळीस हजार लोकांत माईक बंद पडला तरी सन्मतीचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा. तीन महिने त्यानं सर्दी म्हणून काढले. स्कॅन झाला तेव्हा गाठ नाकाच्या छतातून वर गेली होती, मेंदूच्या पडद्याला चिकटून उजव्या डोळ्याच्या छपराकडे सरकली होती.

सर्जन डॉक्टर बेहरे. साठीचा माणूस, हात सोन्याचा, बोलणं तुटक. त्यांनी स्कॅन दिव्यासमोर धरला.

"हे मी उघडून करीन," ते म्हणाले. "दुर्बीण नाकाच्या वाटेनं सरळ वर जाते. डोळ्याच्या छपरावर बाहेरच्या बाजूला गाठ गेली, की दुर्बिणीला कोपऱ्याआडचं दिसत नाही. दिसलं तरी हत्यार वळत नाही. माझं पोट सांगतंय."

"पोट?" मी म्हणाले. "डॉक्टर, पोटावर कसला भरवसा ठेवता? तुला बघा की. दुर्बिणीनं एकाहत्तर, चिरून बावन्न. एकोणीस टक्क्यांचा फरक आहे! तुम्हाला उघडायची हौस आहे म्हणून माझ्या भावाचं तोंड फाडणार होय?"

बेहऱ्यांनी स्कॅन पाकिटात घातला. आकड्यांपुढं कुणाचंच चालत नव्हतं.

आणि सन्मती काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "आक्का, वस्ताद सांगतोय तर चिरू दे की. मैदानात माझं तोंड कोण बघतंय? लोक आवाज ऐकायला येतात."

हे त्याचे शब्द. मी विसरलेले नाही. तो चिरून घ्यायला तयार होता. मीच त्याच्यावर तुटून पडले. "उचलली जीभ लावली टाळ्याला! पहिलवानांत राहून राहून तुझी अक्कल मांडीत गेलीय. हा तराजू मी माझ्या हातानं भरलाय. माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तसं कुठं म्हटलं मी," तो म्हणाला, आणि त्यानं दुर्बिणीच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. पाचव्या दिवशी तो घरी. कडेचा एक तुकडा तपासणीत शंकेचा आला, थोडी गाठ उरली असावी. बेहरे पुन्हा म्हणाले, आता तरी उघडू या. तुला म्हणाली, गरज नाही, दुर्बिणीनंतर शंकेची कड असलेलेही चांगले जगलेत, किरणोपचार पुरेसे. किरण झाले. दिवाळीनंतर सन्मती माईक धरून मैदानात उभा होता. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. बेहऱ्यांना मुद्दाम त्याचा व्हिडिओसुद्धा पाठवला. इतकी मी माजले होते.

तीन जानेवारीला कवठेमहांकाळचा एक माणूस केंद्रात आला. अंकुश ऐवळे, ऊस तोडायच्या मशीनवरचा चालक. त्याला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आमच्या नोंदीची नक्कल हवी होती. मी मान वर केली आणि बघतच राहिले. उजव्या भुवईतून एक पांढरी शिवण निघाली होती, ती नाकाच्या कडेनं उतरून थेट ओठात शिरली होती.

मी पडद्यावर त्याची नोंद काढली. एक्केचाळीसातला एक. ऑपरेशन: दुर्बीण.

"ऐवळे," मी म्हणाले, "तुमचं दुर्बिणीतून झालं होतं ना? फोनवर तुम्हीच सांगितलंत."

"व्हय की. दुर्बीण घालूनच बघितलं पयलं. तुकडा काढला तपासायला." त्यानं बोट भुवईवर ठेवलं आणि ओठापर्यंत आणलं. "मग आठ दिसानं हे चिरलं. तुमी चिरल्याचं कुटं इचारलासा? तुमी दुर्बिणीचं इचारलं, मी दुर्बिणीचं सांगितलं."

अहो, आमच्याकडे तपासायला नळी घातली तरी दुर्बीण, ऑपरेशन नळीनं झालं तरी दुर्बीण. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. गाठ कुठली आहे ते बघायला प्रत्येकाच्याच नाकात आधी दुर्बीण जाते. म्हणजे माझ्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर कुणी देऊच शकत नव्हतं!

ऐवळेला नक्कल देऊन वाटेला लावलं आणि दार लावून पुन्हा एक्केचाळीस फोन केले. आता विचारलं, "तोंडावर व्रण आहे का?" सव्वीस जणांना होता. सव्वीसच्या सव्वीस मोठ्या गाठीची माणसं, चिरलेली, आणि बहुतेक धडधाकट. असणारच. फोन उचलायला जगलेली माणसंच लागतात. चिरून जगलेल्यांना मी उचलून दुर्बिणीच्या पारड्यात टाकलं होतं.

तुलेत आजमावणीची सोय होती. नोंद पक्की न करता नुसतं बघायचं की हे बदललं तर काय होईल. मी सव्वीस रकाने बदलले आणि सन्मतीचा स्कॅन घातला. चिरून चौसष्ट, दुर्बिणीनं चव्वेचाळीस. खाली एक ओळ होती: कडेला शंका असल्यानं आजपासून सहा आठवड्यांच्या आत उघडून उरलेला पडदा काढावा, डोळा वाचण्याची शक्यता मोठी.

आता 'पक्की करा' हे बटण दाबायचं, एवढंच काम होतं. दाबलं की वीस महिन्यांत ज्यांना ज्यांना चुकीचा निवाडा गेला त्या एकोणीस जणांना आपोआप पत्र जाणार. त्यात सन्मतीही आला. मग चौकशी होणार, शाल-श्रीफळाचा फोटो निघणार. आणि सन्मती विचारणार, आक्का, मी तर हो म्हणालो होतो ना?

मी भ्याले. दुसरं कारण शोधू नका, मीही खूप शोधली. त्याची मोठी मैदानं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आहेत, तोवर त्याचा आनंद कशाला मोडू. नुकत्याच झालेल्या स्कॅनमध्ये चारच मिलिमीटरचा ठिपका आहे, तो व्रणही असेल. असलं काय काय मी स्वतःला सांगितलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं.

आणि मी तुलेला एक प्रश्न विचारला. तो विचारल्याची मला आजही शिसारी येते. मी विचारलं, या नोंदी अशाच राहिल्या तर नव्या रुग्णांवरून शिकून निवाडा आपणहून किती केसेसनंतर फिरेल?

तिनं उत्तर दिलं: सहा अपयशांनंतर.

म्हणजे मी गप्प बसले तरी चालणार होतं. सहा माणसांची गाठ परत आली की मशीन आपोआप शहाणी होणार, माझं नाव कुठंच येणार नाही. मी बोटांवर मोजलं. गोव्याकडचा एक आणि लातूरचा एक, दोघांची परत आलीच होती. उरले चार. या चारात माझा भाऊ असेल का, याचा हिशेब मी करत बसले होते आणि बाहेर शिपाई चहा ठेवून गेला होता.

एकोणतीस जानेवारीला जतहून शोभा बिराजदार आली. अंगणवाडी सेविका, वय अडतीस, गाठ सन्मतीसारखीच, तितकीच वर गेलेली. तुला म्हणाली, दुर्बीण. बेहऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी त्यांनी पोटाचं नाव काढलं नाही, नुसतं विचारलं, "मगदूमबाई, तुमच्या नोंदी पक्क्या आहेत ना?"

"आहेत," मी म्हणाले.

बिराजदारबाई माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "मॅडम, चेहरा वाचला हो माझा. अंगणवाडीतली पोरं घाबरली असती." तिचं ऑपरेशन दोन दिवसांनी झालं.

सोळा फेब्रुवारीला सन्मतीचा फोन आला. उजव्या डोळ्यामुळं सगळं डबल दिसतंय, मैदानात दोन मल्लांचे चार झाले, लोक हसले. हे सांगताना तोही हसत होता. मी फोन ठेवला आणि बटण दाबलं.

पत्राचा मसुदा मलाच करायचा होता. 'चूक' लिहिलं, खोडलं. 'दुरुस्ती' लिहिलं, तेही टोचलं. शेवटी सरकारी कागदात लिहितात तसं लिहिलं: "आपल्या प्रकरणी दिलेल्या निकालात सुधारणा करण्यात आली आहे. कृपया आपल्या सर्जनना भेटावे." ऐकायला किती सभ्य! साहेबांनी लगेच मंजूर केलं. तारखा मात्र खाली मशीननं स्वतः छापल्या, त्या मला पुसता आल्या नाहीत.

चोवीस तारखेला सन्मती वॉर्डात होता. दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा डोळा काढायचा होता, आणि डोळ्यासकट काढूनही पाच वर्षांचा आकडा आता एकतीस होता. बेहऱ्यांनी त्याला सांगितलं होतं की जानेवारीत उघडलं असतं तर डोळा राहिला असता. ते माझ्याशी बोलले नाहीत.

सन्मतीनं उशाखालून पत्र काढलं, एका डोळ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं वाचायला लागला. मैदानात मल्लांची जोड पुकारतात त्या आवाजात.

"त्रुटी प्रथम आजमावली, तीन जानेवारी! नोंद पक्की केली, सोळा फेब्रुवारी!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

"हळू रे," मी म्हणाले.

"चव्वेचाळीस दिवस, आक्का. यात आजमावणारीचं नाव नाही. तूच ना?"

"मीच."

"मैदानं होती म्हणून?"

त्यानंच मला पळवाट काढून दिली होती. धाकटा भाऊ तो. मी हो म्हटलं असतं तर त्यानं ते मानलंही असतं.

"नाही," मी म्हणाले. "माझी फजिती होईल म्हणून."

त्यानं पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "बरं झालं खरं बोललीस. आता जा. परत येऊ नकोस."

मी उठले. तेवढ्यात दारातून हाक आली, "मॅडम! अगंबाई, इथं आहात होय! मी सगळीकडे शोधलं."

शोभा बिराजदार. नाकाला बारीक पट्टी, अंगावर नवी साडी, हातात पेढ्यांचा बॉक्स. तिनं आधी वाकून मला नमस्कार केला.

"पत्र मिळालं हो मॅडम. आजच डॉक्टरांना भेटायला सांगितलंय, पण म्हटलं आधी तुमचं तोंड गोड करावं. आमच्या सासूबाईंनी देवापुढं ठेवलंय ते पत्र. अंगणवाडीत वाटले पेढे. निकालात सुधारणा झाली म्हणून!"

तिनं एक पेढा माझ्या हातात ठेवला. मग खाटेकडे वळली. "घ्या दादा, तुम्हीपण. तुम्हालाही आलंय वाटतं पत्र? म्हणजे तुमचीपण सुधारणा झाली!"

सन्मतीनं पेढा घेतला. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"सांग तिला," तो म्हणाला.

फोनवर शेकडो माणसांशी बोललेली बाई मी. पेढा हातात वितळायला लागला होता.

"सांग की, आक्का."

मला जमलं नाही. शेवटी त्यानंच तिला खाटेच्या कडेला बसवलं आणि सांगितलं. चाळीस हजारांना पुरणारा आवाज, पण त्यानं तो इतका खाली आणला की शेजारच्या खाटेलाही ऐकू गेला नसेल. दुर्बिणीचं सांगितलं, चिरायचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं. चुकीचे रकाने भरल्याचं सांगितलं, कुणी भरले ते सांगितलं नाही. आजच्या आज बेहऱ्यांना भेट, उद्यावर टाकू नकोस, असंही सांगितलं.

ती ऐकत होती. मधेच तिनं पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं. मग पिशवीतून पत्र काढून त्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि ते माझ्यापुढं धरलं. अंगणवाडीतल्या पोरांना अक्षर दाखवतात तसं.

"मग मॅडम," तिनं विचारलं, "ही सुधारणा कशात झाली?"

"आकड्यांत," मी म्हणाले.